कुंपण शेतात शिरले तेव्हा

भिलाईहून पाटणच्या रस्त्याला लागले की पोलाद कारखान्याच्या चिमण्या हळूहळू मागे पडतात आणि भाताची खाचरे सुरू होतात. खाचरांच्या मधेच, जरा उंचवट्यावर, तांबड्या मुरमाचे उघडे माळ लागतात. अशाच एका माळाच्या कडेला मोगली एरंडाची एक रांग मी कितीतरी वर्षे पाहत आले आहे. हिवाळ्यात तिची पाने झडतात, राखाडी गुळगुळीत फांद्या तेवढ्या उभ्या राहतात. जूनच्या पहिल्या सरींनंतर ती पुन्हा पानांनी भरते. आधी ती नुसती एक रांग नव्हती. २००६च्या पावसाळ्यात त्या सबंध माळावर दोरी धरून खड्डे खणले होते आणि ओळीने रोपे लावली होती. आतली सगळी गेली. बांधाला लागून होती ती राहिली.

आतली का गेली आणि बांधावरची का राहिली, एवढाच माझा प्रश्न होता. त्याच्यापायी या झाडाचा काही शतकांचा इतिहास वाचावा लागला.

झाडाचे शास्त्रीय नाव जट्रोफा कर्कस. मराठीत मोगली एरंड, काही भागांत चंद्रज्योत. हिंदीत आणि इथे छत्तीसगडात रतनजोत. हे हिंदी नाव फसवे आहे. काश्मिरी रोगनजोशला लाल रंग देणारी मुळीही रतनजोतच, पण तिचा या झाडाशी काडीचा संबंध नाही. एक रतनजोत स्वयंपाकघरात जाते आणि दुसरी पोटात गेली तर माणसाला दवाखान्यात न्यावे लागते, म्हणून हा खुलासा आधीच केलेला बरा. भिलाईच्या सेक्टरांमधल्या बंगल्यांपुढे बारमाही लाल फुलांचे जे झुडूप दिसते, तेही जट्रोफाच, पण क्युबाकडची शोभेची बहीण. रेल्वेमार्गाच्या कडेला वाढते ती तांबूस पानांची तिसरी, निव्वळ तण. आपल्या गोष्टीतली मात्र दिसायला अगदी सामान्य. दहा-बारा फुटांचे झुडूप, एरंडासारखी पण कमी कातरलेली पाने, हिरवट पिवळी बारीक फुले, सुपारीएवढी फळे आणि प्रत्येक फळात तीन काळ्या बिया.

‘मोगली’ या शब्दाने फसू नये. मराठीत झाडाच्या नावामागे विलायती, फिरंगी, मोगली असे काही लागले की झाड बाहेरचे, एवढाच त्याचा अर्थ. विलायती चिंच मेक्सिकोकडची, फिरंगी धोत्रा मेक्सिकोकडचा आणि हा एरंडही त्याच मुलखातला. मोगलांचा त्यात काही हात नाही. मध्य अमेरिकेतून त्याला जगभर नेले ते मुख्यतः पोर्तुगीजांनी. त्यांच्या जहाजांच्या वाटेवरच्या केप व्हर्डे बेटांवर ते रुजले, तिथून आफ्रिकेच्या किनाऱ्याने आशियात आले. १९व्या शतकात याच बेटांवरून त्याच्या बिया लिस्बनला जात. तेल साबणाला आणि दिव्यांना वापरले जाई. लिनिअसने १७५३ मध्ये त्याचे नाव नोंदले ते ग्रीकमधले ‘वैद्य’ आणि ‘अन्न’ हे दोन शब्द जोडून. बी पोटात गेले की वैद्यच बोलवावा लागतो, हे त्याच्या लक्षात होते की नाही कोण जाणे! आपल्याकडचे काही आधुनिक वनौषधी-कोश चरक-सुश्रुतांतली ‘द्रवंती’ म्हणजे हेच झाड, असे सांगून मोकळे होतात. कोलंबसाच्या आधी जे झाड अटलांटिकच्या अलीकडे आलेच नाही, ते चरकाला कुठून माहीत असणार? द्रवंती दुसरी कुठली तरी असली पाहिजे. पण आपल्या अंगणातले प्रत्येक झाड संहितेत सापडलेच पाहिजे, असा आपला आग्रह असतो खरा.

माझी या झाडाशी ओळख छत्तीसगडातली नव्हे, आजोळची. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दुर्गहून गीतांजली पकडत असू आणि मुंबईला उतरून एसटीने कोकणात जात असू. आजोळच्या परड्याला दगडी गडगा होता, पण मागच्या बाजूला मोगली एरंडाची वई. पानाचा देठ मोडला की पाणचट, फेसाळ चीक येतो. गवताच्या काडीला फासगाठ मारायची, ती त्या चिकात बुडवायची आणि हलकेच फुंकर घालायची. साबणाच्या पाण्याचे व्हावेत तसे रंगीत फुगे होतात. कपड्यांवर चीक सांडला की तपकिरी डाग पडतो आणि तो कधीच जात नाही. आमच्या सगळ्यांच्या फ्रॉकवर सुट्टीच्या शेवटी ते डाग असत. आजी सांगे की लढाईच्या काळात रॉकेल मिळेना, तेव्हा याच्या बियांचा गर खराट्याच्या हिरात ओवून तो पेटवत. एक बी जळून संपते तोवर खालची पेट घेते. धूर फार, उजेड बेताचा. चंद्रज्योत हे नाव असेच कुठे तरी पडले असावे.

पण दिवा, साबण, जुलाब, दातांसाठी काडी हे सगळे जोडउपयोग. मूळ काम राखणीचे. त्याला कारण साधे आहे. गुरे, शेळ्या, रानडुकरे याला तोंड लावत नाहीत. पावसाच्या तोंडावर हात-दीड हात लांबीच्या फांद्या तोडून वीतभर अंतराने जमिनीत खोचल्या की त्या फुटतात, आणि तिसऱ्या वर्षी शेळी आत शिरू शकत नाही इतकी दाट भिंत होते. फांदीपासून वाढलेल्या झाडाला सोटमूळ नसते. त्याची मुळे उथळ राहतात, पण कुंपणाला त्याने काही बिघडत नाही. खत नको, पाणी नको, राखण नको. मादागास्करमध्ये तर याच्या खोडांवर व्हॅनिलाचे वेल चढवतात. म्हणजे तिथेही ते दुसऱ्या पिकाच्या सेवेला उभे. जिथे जिथे हे झाड गेले, तिथे तिथे ते शेताच्या कडेला राहिले. कडेला राहणारे हे झाड आत घ्यावे, त्याचेच शेत करावे, ही कल्पना २०व्या शतकाच्या अखेरीस आली.

आपल्याकडे ती आधी महाराष्ट्रात आली, हे इथे भिलाईत फारसे कोणाला ठाऊक नसते. नाशिकचे विनायकदादा पाटील हे राजकारणातले आणि साहित्यातलेही नाव. कुसुमाग्रज प्रतिष्ठानामुळे ते मराठी वाचकांना माहीत आहेत. १९८०च्या दशकात त्यांनी निलगिरी लावणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था काढली आणि ती गाजली. त्या यशाच्या बळावर, दशक संपता संपता, त्यांनी कोरडवाहू शेतकऱ्यांना मोगली एरंडाकडे वळवले. तेलाला मागणी येणार, झाड पडीक जमिनीत येते, असा हिशेब होता. झाडे आली. बी मात्र अपेक्षेच्या जवळपासही आले नाही आणि काही वर्षांत शेतकऱ्यांनी ती उपटून टाकली. या प्रयोगाचे अनुभव नोंदलेले होते, नंतरच्या अहवालांतून त्यांचे उल्लेखही येतात. तरी पुढच्या दशकात देशाने तोच हिशेब कितीतरी मोठ्या पाटीवर पुन्हा मांडला.

जुलै २००२ मध्ये नियोजन आयोगाने जैवइंधनासाठी समिती नेमली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्सप्रेस ५ टक्के बायोडिझेल मिसळून चालवून पाहिली गेली. एप्रिल २००३ मध्ये समितीचा अहवाल आला. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळायचे, त्यासाठी प्रामुख्याने मोगली एरंड लावायचा, पहिल्या टप्प्यात ४ लाख हेक्टर. देशात या झाडाला योग्य अशी १ कोटी ३४ लाख हेक्टर जमीन उपलब्ध आहे, असा अंदाज धरला होता. तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम भाषणांतून या झाडाचा पुरस्कार करत होते. भावनगरच्या मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने केलेल्या बायोडिझेलवर मर्सिडीज मोटार देशभर फिरवून आणली गेली. रेल्वेने रुळांलगतच्या जमिनीत रोपे लावायला घेतली.

छत्तीसगड राज्य तेव्हा उणेपुरे चार-पाच वर्षांचे होते. नव्या राज्याला स्वतःची अशी काहीतरी ओळख हवी असते. मुख्यमंत्री डॉ. रमण सिंह हे कवर्ध्याचे, शिक्षणाने आयुर्वेदाचे पदवीधर. मे २००५ मध्ये त्यांनी आपली सरकारी गाडी रतनजोतीच्या डिझेलवर चालवायला सुरुवात केली. राज्यात जैवइंधन विकास प्राधिकरण स्थापन झाले. तेव्हाच्या सगळ्या १६ जिल्ह्यांत २००६ सालात १६ कोटी रोपे लावायची आणि २०१५ पर्यंत राज्य इंधनात स्वयंपूर्ण करायचे, असे जाहीर झाले. हेक्टरी अडीच हजार रोपे, म्हणजे दोन मीटरवर एक, हा शिफारशीतला दर धरला तर १६ कोटी रोपांना ६४ हजार हेक्टर जमीन लागते. ही एका वर्षाची गोष्ट. दुर्ग जिल्हा त्या सोळांपैकी एक आणि भिलाई त्या जिल्ह्यात.

त्या दिवसांत भिंतीभिंतींवर एक घोषणा होती: ‘डीजल नहीं अब खाड़ी से, डीजल मिलेगा बाड़ी से’. आमच्या घरात तिच्यावरून बराच विनोद झाला. मराठी कानाला खाडी म्हणजे ठाणे किंवा वसई. डिझेल आता ठाण्याच्या खाडीतून येणार नाही, एवढे कळले. हिंदीतली खाड़ी म्हणजे आखात, आखाती देश. बाड़ी किंवा छत्तीसगडी बारी म्हणजे मात्र आपली वाडीच, घरामागचा परसू. वांगी, टोमॅटो, भाजी, लवंगी मिरची, एखादा शेवगा, एखादी पपई, आणि भोवती काटेरी फांद्यांचे किंवा रतनजोतीचे कुंपण. कुंपण घालण्याला इथे ‘रूंधना’ म्हणतात. घोषणा लिहिणाऱ्याला यमक सापडले आणि त्या यमकाच्या भरात एक घोटाळा झाला. रतनजोत बारीत कधीच नव्हती, ती बारीभोवती होती. आणि योजनेतली लागवड बारीतही होणार नव्हती, ती होणार होती भाठ्यावर.

भाठा हा शब्द समजून घेतल्याशिवाय पुढचे समजणार नाही. छत्तीसगडी शेतकरी जमिनीला चार मुख्य नावे देतो: कन्हार, डोरसा, मटासी, भाठा. कन्हार म्हणजे सखलातली काळी चिकण, ओल धरणारी. मटासी पिवळसर, भाताची नेहमीची. डोरसा या दोहोंच्या मधली. आणि भाठा म्हणजे उंचावरचा तांबडा मुरूम, पाणी न धरणारा. महसूल खात्याच्या कागदावर यातली शेवटची जमीन बहुधा पडीक म्हणून लागते. गावाच्या लेखी ती पडीक नसते. तिथे कुणी कोदो पेरतो, कुणी कुळीथ. पावसाळ्यात खाचरांत भात उभा असताना गावची सगळी गुरे जातात कुठे? भाठ्यावर. राऊत त्यांना सकाळी हाकून नेतो, संध्याकाळी आणतो. शेण तिथेच वेचले जाते, मोहाची फुले तिथेच. क्रिकेट तिथे, मडई तिथे, आणि माणूस गेला की त्याला नेतात तेही बऱ्याच गावांत तिथल्याच एका कोपऱ्यात. रायपूरला तर भाठागाव नावाची वस्तीच आहे. ज्या जमिनीवर कुणाचे नाव नाही ती रिकामी, हे कचेरीतले गणित. १ कोटी ३४ लाख हेक्टरांच्या त्या देशव्यापी आकड्यात असे किती भाठे होते, याचा विचार मी नंतर पुष्कळदा केला आहे.

आणि त्या भाठ्यावर गुरे न खाणारे झाड लावायचे होते. कुंपण म्हणून झाडाचा जो गुण, तोच इथे उलटला. कुंपणच शेत खाते, असे आपण म्हणतो. इथे कुंपणाने कुरण खाल्ले. काही गावांतून तक्रारी झाल्या. काही ठिकाणी रोपे लावली त्याच आठवड्यात गुरांच्या खुरांखाली गेली आणि कोणी फार चौकशी केली नाही. पाटणच्या रस्त्यावरच्या त्या माळावरही बहुधा तेच झाले असावे. तिथला एक म्हातारा राऊत मला म्हणाला होता की गुरांना झाड ओळखता येते, ओळी ओळखता येत नाहीत.

पण गुरांवर सगळे ढकलून चालणार नाही. ज्या शेतकऱ्यांनी मनापासून, स्वतःच्या जमिनीत, कुंपण घालून लागवड केली, त्यांचेही गणित जमले नाही. मोगली एरंड कोरड्या जमिनीत जगतो हे खरे. पण जगणे निराळे आणि फळणे निराळे. पाणी आणि खत न देता तो पाने गाळून, वाढ थांबवून तग धरतो, बी धरत नाही. हेक्टरी पाच टनांचे आकडे सांगितले जात होते. मुरमाड जमिनीत टनभर बी मिळाले तरी नशीब अशी स्थिती होती. फुलांच्या तुऱ्यात पंचवीस-तीस नर फुलांमागे मादी फूल साधारण एक. शिवाय एरंड, करडई यांच्यासारखे शतकानुशतके निवडून घेतलेले वाण या झाडाचे नव्हतेच. कुंपणाच्या झाडाचे बी कोणी कशाला निवडेल? जी रोपे वाटली गेली ती जिथून मिळेल तिथून गोळा केलेल्या बियांची. शेजारशेजारच्या दोन झाडांत एक फळांनी लदलेले आणि एक वांझ, हे मी स्वतः पाहिले आहे.

त्यातून फळे एकदम पिकत नाहीत. एकाच झुपक्यात एक हिरवे, एक पिवळे, एक वाळून काळे झालेले. म्हणजे तीच झाडे पुन्हा पुन्हा फिरून तोडायची. ही तोड सप्टेंबरपासून पुढे, नेमकी भात कापणीच्या हंगामात. आता भाव पाहू. केंद्राचे बायोडिझेल खरेदी धोरण १ जानेवारी २००६ पासून लागू झाले, दर लिटरला २५ रुपये. घाण्यातून एक लिटर तेल निघायला साधारण चार किलो बी लागते. तेल काढणे, मग मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून त्याचे डिझेल करणे, वाहतूक, हे सगळे वजा जाता बियाला किलोमागे पाच रुपये द्यायचे तरी कारखानदाराची दमछाक. आणि एका किलोत बिया दीड-दोन हजार. त्या वेचायच्या, फोडायच्या, वाळवायच्या. त्याच २००६च्या फेब्रुवारीत ग्रामीण रोजगार हमी कायद्याची अंमलबजावणी सुरू झाली. दिवसभर मातीकाम करून ठरलेली मजुरी मिळत असताना रतनजोतीच्या बिया कोण वेचील? घरातल्या बायका आणि पोरे, फावल्या वेळात.

पोरांवरून आठवले ते सांगितले पाहिजे. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंचे माहेर पाटणकडचेच. एका हिवाळ्यात सकाळी त्यांचा फोन आला, ‘‘दीदी, लइका मन रतनजोत के बीजा खा डारिन.’’ मुलांनी बिया खाल्ल्या. शाळेच्या आवाराला नवे कुंपण लावले होते, त्याची फळे पिकली होती. बी फोडले की आत पांढराशुभ्र गर, चव थेट कच्च्या शेंगदाण्याची. सात मुले. त्यांचा भाचा त्यांत सर्वांत लहान, सहा वर्षांचा. आम्ही पोचलो तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात चटईवर ती रांगेने निजवलेली होती, सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना बांधलेल्या. ओकून ओकून डोळे आत गेलेले. भाच्याने मला पाहून तोंड फिरवले, त्याला वाटले मी रागावणार. सगळी मुले दोन दिवसांत बरी झाली. पण त्या वर्षांत छत्तीसगडच्या वर्तमानपत्रांत अशा बातम्या पुन्हा पुन्हा येत होत्या, कधी या जिल्ह्यातून, कधी त्या. आजोळी आम्ही इतका चीक उडवला, इतक्या बिया हाताळल्या, पण त्यातली एकही तोंडात घातली नाही. घातलीस तर खबरदार, असे पहिल्याच दिवशी आजीने बजावलेले असे. जुन्या कुंपणाबरोबर ते बजावणेही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. इथे रोपे ट्रकमधून आली. बजावणारे कुणी त्यांच्याबरोबर आले नाही.

पुढचे थोडक्यात. हिंदुस्तान पेट्रोलियम आणि इंडियन ऑइल या दोन्ही सरकारी कंपन्यांनी राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेबरोबर लागवडीसाठी भागीदाऱ्या केल्या. २००९च्या राष्ट्रीय धोरणात २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०१७ पर्यंत पुढे सरकले. तिकडे जुलै २००८ मध्ये पिंपाला १४७ डॉलरांवर गेलेले खनिज तेल वर्ष संपता संपता ४० डॉलरांखाली उतरले आणि जगभरच या झाडावरचा पैसा आटला. ब्रिटिश पेट्रोलियमने लंडनच्या डी-वन ऑइल्सबरोबर २००७ मध्ये केलेली भागीदारी २००९ मध्ये सोडली. छत्तीसगडातल्या भागीदाऱ्यांचे कामही हळूहळू थंडावले. भिंतींवरच्या घोषणेवर दुसरे रंग चढले.

एक छोटा प्रयोग मात्र मला वेगळा वाटतो. कबीरधाम जिल्ह्यात रानीदहरा नावाचे डोंगराळ भागातले गाव आहे. तिथे विनरॉक इंटरनॅशनल इंडिया या संस्थेने २००७च्या सुमारास रतनजोतीच्या तेलावर चालणारी जनित्रे बसवली आणि शंभरेक घरांत दिवे लावले. तेलाचे डिझेल करण्याची भानगड नाही, गाळून तसेच यंत्रात. बी गावचे, उजेड गावाचा. माझ्या आजीच्या हिरात ओवलेल्या बियांची ती सुधारून वाढवलेली आवृत्ती म्हणता येईल. तिथे या झाडाकडून कुणी आखाताशी बरोबरी करण्याची अपेक्षा धरली नव्हती.

आणि मग, सगळे संपले असे वाटत असताना, २७ ऑगस्ट २०१८ला डेहराडूनहून दिल्लीला एक विमान उडाले. स्पाइसजेटचे क्यू-४००. त्याच्या एका इंजिनात चौथा हिस्सा जैवइंधन होते. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने ते मोगली एरंडाच्या तेलापासून बनवले होते आणि त्यासाठीचे बी छत्तीसगडातल्या ५०० शेतकरी कुटुंबांकडून आले होते. २६ जानेवारी २०१९च्या संचलनात वायुदलाचे एएन-३२ विमानही असेच १० टक्के मिश्रण घेऊन राजपथावरून गेले. शास्त्रज्ञांच्या कामाचे कौतुकच केले पाहिजे, त्यांनी या तेलावर वर्षानुवर्षे मेहनत घेतली होती. मला गंमत वाटली ती वेगळ्याची. १६ कोटी रोपांचा संकल्प, आणि त्यातून ५०० कुटुंबे. त्या कुटुंबांनी ते बी भाठ्यावरच्या ओळींतून तोडले की बांधाबांधांवरून वेचले, हे विचारावेसे वाटते. माझी पैज बांधांवर आहे.

२०१८च्या मे महिन्यात नवे राष्ट्रीय जैवइंधन धोरण आले होते. त्यात बायोडिझेलचे उद्दिष्ट २०३० पर्यंत ५ टक्के एवढे खाली आले आणि भर वापरलेल्या खाद्यतेलावर, शेतातल्या काडीकचऱ्यावर, इथेनॉलवर गेला. छत्तीसगडात डिसेंबर २०१८ मध्ये सरकार बदलले. नवे मुख्यमंत्री भूपेश बघेल हे पाटणचेच आमदार, म्हणजे माझ्या त्या रांगेच्या मतदारसंघातले. त्यांच्या योजनेचे नाव होते ‘नरवा, गरवा, घुरवा, बारी’. ओढा, गुरे, उकिरडा, वाडी. बारह वर्षांपूर्वी भिंतीवर होता तोच शब्द पुन्हा भिंतीवर आला. या वेळी बारीत भाजी होती आणि गुरांसाठी गावोगावच्या सामाईक जमिनीवर गोठाण बांधायचे होते. जुलै २०२०पासून सरकार किलोला २ रुपयांनी शेणही विकत घेऊ लागले. ज्या भाठ्यावरची गुरे पूर्वी अडचण होती, त्याच भाठ्यावर आता गुरांसाठी सिमेंटची गव्हाण. २०२३च्या डिसेंबरात पुन्हा सरकार बदलले. आता त्या गोठाणांपैकी काहींच्या पत्र्यांखाली मुले क्रिकेट खेळतात. बारी मात्र सगळ्यांच्या घोषणांच्या आधी होती तशीच घरामागे आहे.

मागच्या मे महिन्यात बाईंच्या भावाकडे, म्हणजे त्या भाच्याच्या घरी, जाणे झाले. भाचा आता तेविशीतला, भिलाईत एका कंत्राटदाराकडे वेल्डिंग करतो, सुट्टीला आला होता. अंगणात कोयता घेऊन तो वडलांना मदत करत होता. रस्त्याकडच्या त्या रांगेतून तोडून आणलेल्या रतनजोतीच्या हातभर कांड्या, दोन भारे. बारीची मागची बाजू उघडी पडली होती आणि शेजाऱ्यांच्या शेळ्या वांग्यांची रोपे खात होत्या. वडील पहारीने भोक पाडत, भाचा कांडी खोचून पायाने माती दाबे. मी विचारले, ‘‘हेच झाड लावतोस? विसरलास का रे?’’

तो हसला. त्याची पुतणी, असेल चार-पाच वर्षांची, दोन कांड्या हातात घेऊन उभी होती. तिच्याकडे बोट करून तो म्हणाला, ‘‘एला बता दे हंव, दीदी.’’ हिला सांगून ठेवलेय. मग त्याने तिच्या हातातल्या कांड्या घेतल्या, वीत टाकून अंतर मोजले, आणि पुढचे भोक वडलांना दाखवले.